ताडोबाला जाताना मुलांना काय शिकवाल?

मुलांना घेऊन ताडोबाला निघालात? मग "वाघ दिसेलच" असं आधीच कबूल करू नका. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प.

जिप्सीत बसलं की मुलांना गप्प बसून ऐकायला सांगा. चितळाची तीक्ष्ण हाक, झाडावरून वानराचं खेकसणं, सांबराचा 'ढांक' असा आवाज आला, तर वाघ किंवा बिबट्या जवळपास असू शकतो. वाटेवरच्या धुळीतले ठसे गाडीतूनच दाखवा. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. रानकुत्र्याच्या ठशात उमटतात. साग, बांबू, मोह, तेंदू ओळखायला लावा.

परतताना एक गोष्ट जरूर बोला. जंगलालगतच्या गावांतली माणसं उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला रानात जातात. वाघाच्या हल्ल्यात काहींचा जीवही जातो. आपली मुलं वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसतात. तिथल्या घरी मात्र तो वाटेत येऊ नये, हीच काळजी असते. म्हणून वर्गात विचारा : वाघही जगावा आणि माणूसही, यासाठी काय करता येईल? उत्तरं मुलांनाच शोधू द्या.