तेल दुप्पट, तरी एंजिन तापते!

रहाटणीजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून बजाज चेतक स्कूटर तयार होऊ लागली. टू-स्ट्रोक एंजिनाची ती चेतक आता बनत नाही. २०२० मध्ये बाजारात आलेली चेतक विजेवर चालते. तरीही जुन्या गाड्या हौसेने जपणारे पुष्कळ आहेत. समजा, अशा एका गाडीचे सिलिंडर बोअर करून त्यात नवा पिस्टन बसवला. मालक म्हणतो, "एंजिन नवे आहे, तापणारच. पेट्रोलमध्ये दुप्पट तेल घालू." हे बरोबर होईल का?

प्रथम तापलेले एंजिन जाम का होते ते पाहू. सिलिंडर बिडाचे असते, तर पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तापमान १° से. वाढले की बीड मूळ मापाच्या सुमारे ११ दशलक्षांशाने प्रसरण पावते, ही मिश्रधातू सुमारे २० दशलक्षांशाने. चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिमी असतो. उदाहरणादाखल पिस्टनचे तापमान २००° ने व सिलिंडरचे १००° ने वाढले असे धरा. पिस्टनचा व्यास सुमारे ०.२३ मिमी वाढेल, सिलिंडरचा मात्र ०.०६ मिमीच. म्हणजे दोहोंमधील फट ०.१७ मिमीने घटली! थंड असताना फट याहून कमी ठेवली असेल, तर पिस्टन अडकलाच.

आता तेलाकडे वळू. या एंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला वंगण पुरवते आणि शेवटी जळून जाते. म्हणून सहज मिसळणारे व कमी राख सोडणारे टू-टी तेलच वापरावे. फोर-स्ट्रोक एंजिनाच्या तेलातील धातुयुक्त द्रव्यांची राख प्लगवर साचते. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. चेतकसाठी ते सामान्यतः २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली असते.

तेल दुप्पट केले तर? कार्बुरेटरच्या जेटचे छिद्र तेवढेच राहते. त्यातून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढले की पेट्रोल तितके घटते. शिवाय दाट मिश्रण सावकाश वाहते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की एंजिन उलट जास्तच तापते, आणि काजळी साचते ती वेगळीच.

मग उष्णता बाहेर कशी जाते? मुख्यतः हवेने. फ्लायव्हीलवरचा पंखा सिलिंडरच्या पात्यांवर वारा घालतो. पत्र्याचे आवरण काढून टाकले, तर हा वारा पात्यांमधून न जाता इकडेतिकडे पसरतो. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, तर एंजिनावर भार जास्त आणि पंखा मात्र मंद, अशी स्थिती होते.

नव्या पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवटे घासून गुळगुळीत होईपर्यंत घर्षण अधिक असते. म्हणून सुरुवातीचे काहीशे किलोमीटर पूर्ण वेग व जादा ओझे टाळावे, अधूनमधून एंजिनाला विसावा द्यावा.

एक प्रयोग करा. दोन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक डबा पंख्यासमोर ठेवा, दुसरा आडोशाला. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. घर्षण कमी करणे हे तेलाचे काम, उष्णता वाहून नेणे हे वाऱ्याचे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.