जुन्या ट्रॅक्टरचे आयडलिंग : दुरुस्तीचा क्रम आणि खर्चाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ट्रॅक्टरवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जुने यंत्र दुरुस्त करताना पैसा कोठे घालावा व कोठे घालू नये, हा प्रश्न मुळात हिशेबाचाच आहे. माझे आजोळ मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या धरमपुरीला आहे. तेथे मामांच्या पन्नाशी ओलांडलेल्या डिझेल ट्रॅक्टरच्या निमित्ताने जे शिकता आले, ते येथे क्रमवार मांडतो.

धार व देवास ही पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. संस्थानी काळापासून या भागात मराठी घरे आहेत. मध्य हिंदुस्थानातील काळ्या जमिनीत कांस नावाचे खोल मुळांचे गवत माजले होते. ते उखडण्यासाठी लागणाऱ्या यंत्रांकरिता १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. पुढे १९५५ मध्ये नर्मदेच्याच काठी, वरच्या अंगाला बुदनी येथे ट्रॅक्टरचे प्रशिक्षण व चाचणी देणारी केंद्रीय संस्था निघाली. या प्रदेशाचे ट्रॅक्टरशी नाते असे जुने आहे.

दुखणे काय होते?

मामांनी इंजिन नव्याने बांधून घेतले होते. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे सर्व नवे. नांगरताना तक्रार नाही. पण रेस सोडली की इंजिन एका लयीत वर-खाली होई, मधूनच बंदही पडे. मामा म्हणत, "अरे, नांगराला वाघ आणि उभा राहिला की तापातलं पोर!" एका मिस्त्रीने पंप पुन्हा उघडण्याचा सल्ला दिला. त्या खर्चासाठी कापसाच्या हंगामापूर्वी कर्ज काढावे लागले असते. नाहीतर ट्रॅक्टर भंगाराच्या भावाने विकणे, एवढाच मार्ग मामांना दिसत होता.

आयडलिंगलाच दोष का दिसतो?

चार सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ३०० वेळा, म्हणजे एकूण १२०० वेळा ज्वलन होते. सेकंदाला २० वेळा. आयडलिंगला दर वेळी जाणारे डिझेल अगदी थोडे असते. त्यात जरासा फरक पडला तरी तो प्रमाणाने मोठा ठरतो. ओझ्याखाली तोच फरक झाकला जातो. मोठ्या उलाढालीत दहा रुपयांची चूक लपते, पण लहान दुकानाच्या तेरजेत ती लगेच डोळ्यांवर येते, तसेच हे आहे.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी लक्षण ओळखण्याची. एका लयीत वर-खाली होणे हे बहुधा गव्हर्नरचे किंवा डिझेलमध्ये शिरलेल्या हवेचे लक्षण. लय नसलेले अडखळणे हे एखाद्या सिलिंडरचे. आणि हळूहळू मरत जाणे हे डिझेल अपुरे पोहोचत असल्याचे.

दुसरी पायरी डिझेलच्या वाटेची. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, फिल्टर आणि तांब्याचे वायसर पाहावेत. टाकी ते फीड पंप या ओढीच्या भागात गळती असेल तर बाहेर थेंब दिसेलच असे नाही. उलट आत हवा ओढली जाते. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळावा.

तिसरी पायरी सिलिंडरची. इंजिन आयडलिंगला ठेवून नोझलच्या नळ्यांची नटे एकेक करून थोडी सैल करावीत व लगेच आवळावीत. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. येथे सावध राहावे. उच्च दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. तेथे हात नेऊ नये आणि डोळ्यांना चष्मा हवाच. नव्याने बांधलेल्या इंजिनात हेडची नटे पुन्हा आवळल्यावर टॅपेटचे अंतरही तपासावे लागते.

चौथी पायरी गव्हर्नरची. मामांच्या ट्रॅक्टरला जुन्या पद्धतीचा, हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर आहे. हवेच्या वाटेत एक झडप असते. ती मिटली की तिच्यामागे निर्वात वाढतो. एका बारीक नळीतून तो पंपामागील डायफ्रामपर्यंत पोहोचतो आणि रॅक ओढून डिझेल कमी करतो. उलट बाजूने स्प्रिंग डिझेल वाढवायला बघते. नळी कोठे गळत असेल तर निर्वात कमी पडतो आणि स्प्रिंग जिंकते. मग वेग वाढतो, त्याबरोबर निर्वात वाढतो, डिझेल घटते आणि वेग पुन्हा पडतो. मामांना ऐकू येणारी लय ती हीच.

डायफ्रामची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून नळी पंपाकडून काढावी. स्टॉपचा दांडा ओढून धरावा, पंपावरील जोडाचे तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दांडा सोडावा. डायफ्राम शाबूत असेल तर रॅक थोडा सरकून अडतो व मग सावकाश परततो. फाटका असेल तर झटकन जागेवर येतो. नळी मात्र इंजिन चालू असताना कधीही काढू नये. निर्वात नाहीसा होऊन इंजिन बेफाम धावू शकते.

निष्कर्ष

आमच्या ट्रॅक्टरचा डायफ्राम चांगला निघाला. दोष होता नळीच्या रबरी जोडात. क्लिपखाली त्याला केसाएवढी चीर होती. इंजिनाचे सर्व नवे झाले आणि तेवढा जोड जुनाच राहिला होता. नवा जोड व दोन क्लिपा यांचा खर्च दोनशे रुपयांच्या आत आला. लय थांबली. पंप उघडावा लागला नाही आणि कर्जही काढावे लागले नाही.

यातून तीन नियम काढता येतात. तपासणी स्वस्त व कमी उघडझाकीच्या जागेपासून सुरू करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तारीख, बदल व परिणाम वहीत लिहावा. आयडलिंगचा स्क्रू शेवटी हाताळावा, कारण आधीच वेग वाढवून ठेवला तर दोष झाकतो, जात नाही. हिशेब जुळत नाही म्हणून बेरजेत आकडा घुसडणारा कारकून आणि स्क्रू पिळून आवाज सारखा करणारा मिस्त्री, दोघेही चूक पुढच्या पानावर ढकलतात. तपासणी न करता केलेला खर्च हा खर्च नव्हे, अंदाज आहे; आणि लहान शेतकऱ्याला अंदाज परवडत नाही.