पिस्टनफोन आणि देहूरोडची हवा

देहूरोडमधून मुंबई-पुणे लोहमार्ग जातो, जुना महामार्ग जातो. एका अंगाला चाकणचे, दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने. अशा ठिकाणी आवाज मोजण्याची वेळ वरचेवर येते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रात रात्रीची मर्यादा 70 डेसिबेल आहे. समजा, एका कारखान्याच्या कुंपणापाशी मापकाने रात्रीची सरासरी 70.3 दाखवली. कारखाना दोषी ठरला का? याचे उत्तर देण्यापूर्वी मापकाच्या टोकाशी बसवलेल्या मायक्रोफोनची चौकशी केली पाहिजे.

मापनासाठी बहुधा कंडेन्सर मायक्रोफोन घेतात. त्यात धातूचा अतिशय पातळ, ताणलेला पडदा असतो आणि त्याच्यामागे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर धातूची चकती. दोन्ही मिळून एक धारित्र होते. आवाजाने पडदा हलला की धारिता बदलते आणि विद्युत्दाबात चढउतार होतो. सभेतला माइक आवाज उठावदार करून देतो; तो गुण येथे दोषच समजावा.

हा मायक्रोफोन केवढा घ्यावा? अर्धा इंच व्यासाचा चांगला मायक्रोफोन 1 पास्कल ध्वनिदाबाला सुमारे 50 मिलिव्होल्ट देतो, पाव इंचाचा सुमारे 4. म्हणून रात्रीच्या शांततेसाठी अर्धा इंची बरा. मात्र 20,000 हर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत अवघी 17 मिलिमीटर असते. जवळजवळ तेवढाच मोठा मायक्रोफोन तरंगाच्या वाटेत उभा राहिला, की त्याच्यावरूनच ध्वनी परततो आणि पडद्यावरचा दाब वाढतो. अतितीव्र किंवा फार उच्च कंप्रतेच्या आवाजासाठी म्हणूनच पाव इंची निवडतात.

आता पडताळणी, म्हणजेच कॅलिब्रेशन. ज्याची पातळी आधीच ठाऊक आहे असा आवाज मायक्रोफोनला ऐकवायचा आणि मापक तोच आकडा दाखवतो का ते पाहायचे. त्यासाठीचे एक जुने, विश्वासू साधन म्हणजे पिस्टनफोन. मायक्रोफोन एका बंद पोकळीत बसवतात. लहान दट्ट्ये सेकंदाला 250 वेळा आतबाहेर होतात आणि 124 डेसिबेलचा आवाज तयार होतो. दट्ट्यांची धाव ठरलेली, पोकळी ठरलेली. मग चूक कोठून शिरणार?

हवेतून! घनफळात ठरावीक अंशाने बदल केला, तर दाबात होणारा बदल मूळ दाबाच्या प्रमाणात असतो. 124 हा आकडा 101.3 किलोपास्कल या प्रमाण वायुदाबासाठी आहे. देहूरोड मात्र पुण्यासारखेच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. येथील दाब 95 किलोपास्कलच्या आसपास असतो. दोन्ही दाबांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम काढून त्याला 20 ने गुणा:

20 × लॉग (95 ÷ 101.3) = −0.56

म्हणजे येथे पिस्टनफोन 124 नव्हे, सुमारे 123.4 डेसिबेलच देतो. हे विसरून कोणी मापक 124 वर जुळवला, तर त्याचे प्रत्येक वाचन अर्ध्या डेसिबेलहून अधिक फुगते. आपल्या कारखान्याचे 70.3 दुरुस्तीनंतर 69.7 होतात!

पिस्टनफोनसोबत यासाठीच लहानसा वायुदाबमापक देतात. तो हरवला म्हणून हवामानवृत्तातला दाब घेऊ नका. तो आकडा समुद्रसपाटीला उतरवून सांगितलेला असतो, त्यामुळे दुरुस्ती जवळजवळ शून्यच निघेल. आपल्या जागेवरचा दाबच हवा. 1000 हर्ट्झला 94 डेसिबेल देणाऱ्या आधुनिक इलेक्ट्रॉनिक कॅलिब्रेटरांपैकी अनेकांत आतला छोटा मायक्रोफोन पातळी सांभाळतो. त्यांना वायुदाबाचा त्रास फारच थोडा.

शाळेत करून पाहण्यासारखे गणित: महाबळेश्वरला वायुदाब 86 किलोपास्कल धरा. तेथे हाच पिस्टनफोन किती डेसिबेल देईल?