डाग आणि सुरकुती

एका घरात पणजीचे एकच छायाचित्र होते. नऊवारी लुगडे नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, लाकडी खुर्चीत ताठ बसलेली ती प्रौढ स्त्री घरातील लहानांना त्या एका कागदावरूनच ठाऊक होती. एका पावसाळ्यात भिंत पाझरली आणि छायाचित्रावर मोठा डाग पडला. मागील पडद्यावरून पसरत तो डाग पणजीच्या केसांपर्यंत येऊन ठेपला होता.

घरातील बारा वर्षांची मुलगी ते छायाचित्र घेऊन गावातील वृद्ध छायाचित्रकाराकडे गेली. त्यांनी प्रथम संगणकावर त्याची कृष्णधवल प्रत उतरवून घेतली आणि मूळ छायाचित्र कापडात गुंडाळून तिच्या हाती परत दिले. “मुळाला हात लावायचा नाही. जे काही चुकायचे असेल, ते प्रतीवर चुकावे,” असे ते म्हणाले आणि त्यांनी तिला संगणकापुढे बसविले.

डाग काळसर होता, म्हणून मुलीने चित्र उजळ केले. डाग फिका झाला खरा. परंतु पणजीचा चेहराही पांढराफटक पडला आणि कपाळावरील कुंकू पुसट झाले.

“बाळ, बोट दुखत असेल, तर औषध बोटालाच लावावे, साऱ्या हाताला नव्हे,” छायाचित्रकार हसून म्हणाले. “आधी डाग वेगळा काढ. बदल करायचा तो तेवढ्याच भागात.” या वेगळे काढण्यालाच ‘निवड’ असे म्हणतात.

निवड करणे हे वाटते तितके सोपे नाही. संगणकातील चित्र अत्यंत बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. त्या ठिपक्यांना पिक्सेल असे नाव आहे. सहा इंच लांब व चार इंच रुंद अशा चित्रात दर इंचास ३०० ठिपके धरले, तर एकूण २१,६०,००० ठिपके होतात. कृष्णधवल चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो. ० म्हणजे पूर्ण काळा व २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. मधले अंक करड्या छटांचे. संगणकाजवळ असतात ते एवढे अंकच. पणजी कोठे संपते आणि पडदा कोठे सुरू होतो, हे त्याला माणसाने दाखवून द्यावे लागते.

त्यासाठी निरनिराळी साधने असतात. मुलीने प्रथम ‘जादूची कांडी’ घेतली. एका ठिपक्यावर ती टेकविली की, तिच्या छटेशी मिळतेजुळते असे लगतचे सर्व ठिपके आपोआप निवडले जातात. किती फरक चालेल, हे आपण अंकाने ठरवावयाचे असते. डागाची छटा ७० होती. मुलीने ३० चा फरक मान्य केला. त्याबरोबर ४० पासून १०० पर्यंतचे सारे ठिपके निवडीत आले. परंतु पणजीच्या केसांची छटा ४५ होती. डागाबरोबर केसही निवडले गेले! तिने फरक १० वर आणला, तेव्हा डागाची नुसती तुटक बेटे हाती लागली.

मग तिने ‘फास’ घेतला. या साधनाने मुक्तहस्ते रेघ ओढून भाग वेढता येतो. तथापि खुर्चीच्या गोलाकार पाठीजवळ तिचा हात थरथरला व रेघ वेडीवाकडी झाली. तेथे ‘लेखणी’ उपयोगी पडली. लेखणीने थोडेच बिंदू द्यावे लागतात. त्यांच्यामधील वळणदार रेषा गणिताने काढली जाते. फ्रान्समधील अभियंते प्येर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात रेनॉ कारखान्यात मोटारींचे बाह्य आकार आखण्यासाठी अशा रेषा वापरल्या. त्यांच्याच नावाने त्या ओळखल्या जातात.

खुर्चीची कड साधली. परंतु कानाजवळचे मोकळे केस राहिले. तेथे चित्र चौपट मोठे करून पाहताच मुलगी चकित झाली. केस व पडदा यांच्या मध्ये रेषा नव्हतीच! काही ठिपके केसांचे, काही पडद्याचे, आणि मधल्या ठिपक्यांत दोहोंची सरमिसळ झालेली.

“ज्या ठिपक्यात अर्धा केस आहे, तो अर्धाच निवडावा,” छायाचित्रकारांनी सांगितले. निवडीचेही एक करडे चित्र असते. त्यात पांढरे म्हणजे निवडलेले, काळे म्हणजे वगळलेले आणि करडे म्हणजे अंशतः निवडलेले. करड्या भागावर बदलाचा परिणामही अंशतःच होतो. त्यामुळे कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही. मुलीने मऊ कडेच्या कुंचल्याने एकेका बटेभोवती ही करडी छटा भरली. तपासण्यासाठी निवडलेल्या भागावर क्षणभर शुभ्र रंग भरून पाहिला, तेव्हा कानाजवळ राहिलेली एक खाच दिसली. ती सुधारली. दोन तास गेले. त्यानंतर मात्र डाग उजळून पडद्याच्या छटेशी मिळविण्यास काही क्षणच लागले. पणजीच्या एका केसालाही धक्का लागला नाही.

या यशाने मुलीला उत्साह आला. तिने लागलीच पणजीच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या वेढल्या. “आता याही काढून टाकते, आजोबा. पणजी किती छान दिसेल!”

छायाचित्रकारांनी तिला थांबविले. “फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या प्रसिद्ध मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील गिझाचे पिरॅमिड छापले होते. मूळ छायाचित्र आडवे होते आणि मुखपृष्ठ उभे. म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड जवळ आणण्यात आले. चित्र सुबक दिसले. परंतु वाचकांनी पाहिले, तसे ते पिरॅमिड उभेच नव्हते. त्यावर पुष्कळ टीका झाली.” मग पडद्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “डाग पावसाने आणला होता. या सुरकुत्या कोणी आणल्या?”

मुलगी काही वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने ती निवड रद्द केली.

सायंकाळी नवे चित्र घरी आले. आजीने ते डोळ्यांजवळ धरले. पडदा स्वच्छ झाल्याचे तिच्या ध्यानातही आले नाही. डोळ्यांच्या कडेच्या त्या बारीक रेषांवरून तिने हळूच बोट फिरविले आणि ती म्हणाली, “अशीच हसायची माझी आई.”

स्वाध्याय

१. सर्व चित्र एकदम उजळ केल्याने काय बिघडले?
२. ‘जादूची कांडी’ वापरताना केसही का निवडले गेले? अंकांच्या आधारे सांगा.
३. अर्ध्या केसाचा ठिपका अर्धाच का निवडावा लागतो?
४. डाग काढणे आणि सुरकुत्या काढणे यांत कोणता भेद आहे? तुमच्या शब्दांत लिहा.