कंबर, गादी आणि पायातली कळ

पाड्यावर आरोग्याची बैठक घेतली की ताप-खोकल्यानंतर हमखास निघते ती कंबर. वीटभट्टीवरून, ऊसतोडीवरून परतलेली माणसे मला सांगतात, "मणक्यात गॅप पडलाय." या एका शब्दाने धडधाकट माणूस घाबरून खाट धरतो. म्हणून या अंकात तेवढेच समजून घेऊ.

दोन मणक्यांमध्ये जागा असतेच. तिथे गादी असते. अशा एकूण 23. बाहेरून चिवट कडे, आत मऊ गर. वाकून, कंबर पिळून जड मोळी उचलली की झिजलेले कडे फाटू शकते आणि गर बाहेर येऊन शेजारची नस दाबतो. बहुधा कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत हे घडते. पायात उतरणाऱ्या नसेची मुळे तिथलीच, म्हणून बिघाड कंबरेत आणि कळ कुल्ल्यापासून पोटरी-पावलापर्यंत. हीच सायटिका. खोकताना, शिंकताना ती वाढते. मणक्याची अस्थिरता वेगळी: तिथे एक मणका दुसऱ्यावरून सरकतो.

बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा हळूहळू जिरवते. बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो. एक-दोन दिवस विश्रांती पुरे, मग झेपेल तसे चालावे. पायाळू माणसाच्या लाथेने उसण गेली म्हणणारे पुष्कळ भेटतात; साधी उसण तशीही काही दिवसांत जाते. पण नस दबलेल्या कंबरेवर लाथ, तुडवणे, डाग देणे नकोच.

उचल घेतलेल्या कोयत्याला "वजन उचलू नका" सांगणे मला तरी जमत नाही. मोळी लहान बांधा, अंगालगत धरा, वळताना कंबर नव्हे, पाय वळवा, एवढे मात्र सांगता येते.

रात्रीही न थांबणारे दुखणे, बारीक ताप आणि घटणारे वजन असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो; त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसण्याची जागा बधिर झाली, पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी 108 ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यावे. उशीर झाला तर हे नुकसान कायमचे राहू शकते. लघवीचे लक्षण बाया लाजेने सांगत नाहीत. कार्यकर्त्या भगिनींनी बाजूला घेऊन ते स्वतःच विचारावे.