थंडी खालून वाजते

वेळचेरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोन जाडजूड हूक ठोकलेले आहेत. वर्षातले नऊ-दहा महिने त्यांना माझा हॅमॉक टांगलेला असतो. चेन्नईच्या उकाड्यावर मी जे जे उपाय करून पाहिले, त्यांतला सगळ्यात स्वस्त आणि गुणकारी हाच. गादीवर पाठ घामाने भिजते. हॅमॉकमध्ये पाठीखाली एक पातळ कापड आणि त्याखाली नुसती हवा. मे महिन्यात दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की तो थेट पाठीला लागतो. वीज गेली तरी झोप लागते.

याच गुणाने मला कोडाईकनालच्या डोंगरात एका रात्रीत रडकुंडीला आणलं.

मी मूळचा निफाडचा. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की आमच्या गावाचं नाव त्यात असतंच. लहानपणी पहाटे वडिलांबरोबर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला गेलोय. त्यामुळे मार्गळी महिन्यात, २२ अंशांत, चेन्नईची मंडळी माकडटोपी घालून फिरायला निघतात ते पाहून मला हसू यायचं. पण १८ वर्षं इथे काढल्यावर माझंही निफाडपण केव्हाच विरघळलं होतं. कपाटात स्वेटर एकच, तोही लग्नात आलेला.

पोंगलची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली. ऑफिसातला एक मित्र आणि मी, दोघं एग्मोरहून रात्रीच्या पांडियन एक्स्प्रेसने निघालो, पहाटे कोडाई रोडला उतरलो आणि बसने वळणं घेत वर गेलो. पूंबारैच्या पुढे एका शेतकऱ्याच्या खासगी जागेत मुक्काम ठरला होता. लसणाचे वाफे, खाली ओढा आणि ओढ्याकाठी निलगिरीची सरळसोट झाडं. हॅमॉकसाठी झाडं इतकी अचूक अंतरावर होती की जागा निवडताना मी दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. मित्राने वरच्या बांधाजवळ छोटा तंबू लावला. स्लीपिंग बॅगा दोघांच्याही एकाच दुकानातल्या, एकाच बनावटीच्या. चिठ्ठीवर '५ अंश' लिहिलेलं.

माझा हिशेब मी गाडीतच करून ठेवला होता. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. जानेवारीत चेन्नईची रात्र २१ अंशांच्या आसपास. कोडाईकनाल २,१०० मीटरच्या घरात. म्हणजे १४ अंश वजा, राहिले ७. बॅग ५ अंशांची. दोन अंश हातात उरत होते. इंजिनिअरला आणखी काय लागतं?

रात्री अकरापर्यंत सगळं छान होतं. आभाळ इतकं निवळ की मित्राला हाका मारून तारे दाखवत होतो. साडेअकराच्या सुमारास वाटलं, पाठीखाली कोणीतरी ओला टॉवेल सरकवलाय. हात घालून पाहिलं तर सगळं कोरडं. कुशीवर वळलो, तर तोच ओला टॉवेल खांद्याखाली आणि कमरेखाली. मग मी सगळे करतात तेच केलं, वरून पांघरूण वाढवलं. स्वेटर छातीवर, जॅकेट पोटावर, टॉवेल पायांवर. छातीला घाम फुटायच्या बेताला आला आणि पाठ मात्र बर्फाच्या लादीवर. भजी एका बाजूने तळावी तसा प्रकार.

अडीच वाजता ठरवलं, बाहेर पडायचं. बॅगची चेन गळ्याशी होती. अंगठा आणि पहिलं बोट तिच्या टोकावर ठेवलं आणि ओढलं, तर हातात काहीच आलं नाही. बोटं चेनवर होती, पण ती मिटतच नव्हती. चार-पाच वेळा झालं. शेवटी ती पट्टी दातात धरून मान मागे नेली, तेव्हा वीतभर उघडली. मित्राला हाक मारली, तो म्हणाला, "काय रे, प्यायलास का?" मला वाटत होतं मी नीट बोलतोय. तो हसत बाहेर आला, टॉर्च माझ्या तोंडावर मारला आणि हसायचा थांबला.

त्याने मला घरमालकांच्या स्वयंपाकघरात नेऊन चुलीपासून हातभर अंतरावर बसवलं, घामट बनियन काढायला लावला, कोरडे कपडे आणि एक कंबळी गुंडाळली, आणि मालकांनी उठून गूळ घातलेला गरम चहा दिला. हातपाय चोळायला ते निघाले होते, मित्राने थांबवलं. तेही बरोबरच होतं. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोक्याची हद्द सुरू होते. माझं किती होतं ते मोजायला कोणाकडे थर्मामीटर नव्हता, पण जडावलेली जीभ आणि न मिटणारी बोटं ही तिचीच लक्षणं. मी थरथरत होतो हे माझं नशीब. थरथर आपोआप थांबली, माणूस गारच आहे आणि भलतंसलतं बोलतोय, तर चहा वगैरे विसरून त्याला अलगद आडवा ठेवून दवाखाना गाठायचा.

सकाळी घरमालक, त्यांना आम्ही अण्णाच म्हणायला लागलो होतो, हॅमॉकपाशी आले. सत्तरीचे असतील. वाकून त्यांनी खालून कापडाला तळवा लावला, वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तंबी, कीळे ओण्णुमे इल्लैये." खाली काहीच नाही की रे.

मित्र तंबूत घोरत पडला होता, तीच बॅग घालून. फरक एवढाच, त्याच्या खाली अडीचशे रुपयांची फोमची चटई होती.

ऊब पांघरुणात नसते, पांघरुणाने अडवून ठेवलेल्या हवेत असते. सत्तर किलोचा माणूस स्लीपिंग बॅगवर झोपला की पाठीखालचा सगळा भुसभुशीतपणा चेपून कागदासारखा होतो, हवा निघून जाते. बॅगवरचा आकडासुद्धा खाली चटई आहे असं धरूनच काढलेला असतो. जमिनीवर झोपणाऱ्याच्या पाठीखाली निदान माती असते, ती वाहत नाही. हॅमॉकखालची हवा रात्रभर बदलत राहते आणि दर वेळी थोडी ऊब घेऊन जाते. वेळचेरीत मी ज्याचं कौतुक करत होतो ते हेच.

वाईट याचं वाटलं, की हे मला माहीत होतं. आमच्या आजीने नातवंडांच्या झोळ्या बांधल्या. उन्हाळ्यात नुसतं लुगडं, आणि हिवाळा लागला की तळाला गोधडीची दुहेरी घडी. माणसं अंगणातल्या बाजेवर झोपत, त्यांनाही थंडीत पांघरायला एक तर अंथरायला दोन वाकळा. पण तान्हं बाळ तीन-चार किलोचं, त्याच्याखाली गोधडी दबत नाही. आपल्यासारख्या धडधाकट माणसाखाली दबते. म्हणून आपल्या झोळीची गोधडी आत नाही, बाहेरून, झोळीच्या पोटाखाली बांधायची. या खालच्या रजईला अंडरक्विल्ट म्हणतात. तयार मिळतो, महाग असतो. माझा आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरने जुन्या सिंथेटिक रजईचा शिवून दिला: खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत पुरेल एवढी लांबी, चार कोपऱ्यांना पट्ट्या, दोन्ही टोकांना नाडी घालायला नेफा. पट्ट्या इलॅस्टिकच्या घ्या, म्हणजे कूस बदलली तरी रजई पाठीला धरून राहते.

बांधण्यातच सगळी मेख आहे. रजई पाठीला जेमतेम टेकली पाहिजे. फार ताणली तर ती पुन्हा चेपते. सैल सोडली तर मधल्या पोकळीत वारा शिरतो आणि रजई नुसती शोभेला राहते. टोकांच्या नाड्या आवळून तोंडं बंद करा. मग हॅमॉकमध्ये झोपा आणि सोबत्याला अण्णांसारखा खालून हात फिरवायला सांगा, कमरेपाशी आणि खांद्यापाशी. जिथे पोकळी लागेल तिथे पट्टी आवळायची. हे उजेडात करायचं. अंधारात, गार बोटांनी, होत नाही.

शिवून घेणं जमणार नसेल तर साधी फोमची चटई हॅमॉकच्या आत घाला. ती सरकते, खांद्यांना अपुरी पडते, तरी रात्र निभावते. आणि चेन्नईकराच्या घरात एक वस्तू हमखास असते: गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी सनशेड, आत फुगे असलेला. तो चटईखाली आडवा घातला की खांदे झाकले जातात. उन्हाला परतवायला घेतलेली वस्तू थंडीला कामी येते, याची मला अजून गंमत वाटते. तो थेट अंगाखाली मात्र नको, घाम धरतो.

जागेची चूक वेगळी. स्वच्छ आभाळाखाली जमीन पटापट निवते, तिला लागलेली हवा जड होऊन उतरंडीने ओढ्याकडे वाहत येते आणि तिथेच साठते. निलगिरी आणि कोडाईच्या पठारांवर जानेवारीत सकाळी गवत पांढरं दिसतं ते अशा खोलगट जागीच. सुंदर जागा आणि उबदार जागा सहसा एक नसते. ओढ्याचा काठ टाळा, उघडा माथाही टाळा, मधल्या उतारावर झाडीच्या आडोशाला टांगा. वर ताडपत्री हवीच, पाऊस नसला तरी. ती आभाळ झाकते. वाऱ्याच्या बाजूने तिची कड पार जमिनीलगत उतरवा.

शेकोटीबद्दल मी कडक आहे, द्राक्षबागेतल्या आठवणी असूनही. मार्च २०१८मध्ये तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर गेले. जानेवारीपासून तिथलं गवत सुकत जातं. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्कामही करू नये, जाळ तर लांबच. आणि तंबूत किंवा खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपणं म्हणजे आत्महत्याच; कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. 'थोडीशी घेतली की ऊब येते' म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि तीच उष्णता अंगाबाहेर जाते.

त्यापेक्षा झोपण्याआधी पोटभर खा. आमच्याजवळ घरचे तिळाचे लाडू आणि कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की दोन्ही होतं, आणि दोन्ही सकाळी खाऊ म्हणून पिशवीत जपून ठेवलं होतं! संक्रांतीला तीळगूळ का, हे शाळेत पाठ केलेला माणूस मी. चढताना-उतरताना घामेजलेला बनियन झोपायच्या आधी बदला, मोजे कोरडे आणि सैल घाला, लघवीला जाऊन या, माकडटोपी घाला. (हो, तीच.) तोंड बॅगेत खुपसून झोपू नका, श्वासाची वाफ आतून ओल धरते. स्टीलच्या साध्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. साध्या म्हणजे एकेरी पत्र्याच्या. थर्मासचा उपयोग नाही, तो ऊब स्वतःपाशीच ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पुढे मन्नवनूरला गेलो. तिथे केंद्र सरकारचं मेंढी संशोधन केंद्र आहे. गुबगुबीत लोकरीच्या मेंढ्या कुरणात निवांत चरत होत्या, आणि घोंगड्यांच्या मुलखातून आलेला मी पॉलिएस्टरमध्ये काकडून त्यांच्याकडे पाहत होतो.

चेन्नईकरांची एक अडचण इतरांना नसते. पुण्याचा माणूस डिसेंबरात गच्चीवर झोपून सामान तपासू शकतो. आमच्या गच्चीवर बारा महिन्यांत कुठलंही पांघरूण पास होतं. म्हणून मी पायरी-पायरीने गेलो. आधी येलगिरी, साधारण १,१०० मीटर, जोलारपेट्टैला उतरून जवळ. मग येरकाड, १,५०० मीटर. येलगिरीला रजईची डावी पट्टी सैल निघाली, येरकाडला पायांकडची नाडी. दोन्ही ठिकाणी हॅमॉकपासून वीस पावलांवर भिंतींची खोली घेऊन ठेवली होती. येरकाडला पहाटे चारला मी तिचा उपयोगही केला, आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही.

तिसऱ्या जानेवारीत पुन्हा अण्णांकडे गेलो, या वेळी बांधाच्या वरच्या अंगाला टांगलं. रात्री त्यांनी स्वतःहून येऊन खालून हात फिरवला, एका जागी थांबले, कमरेशी बोट रोवून म्हणाले, इथे. पट्टी आवळली. सकाळी सातला त्यांच्या कोंबड्याने उठवलं.

आता ती रजई कपाटात कोंबून ठेवत नाही. चेन्नईच्या दमट हवेत बुरशी धरते आणि दाबून ठेवली की फुगायची विसरते. महिन्यातून एकदा गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकतो. परवा, एप्रिलच्या भर दुपारी, समोरच्या मामींनी ती पाहिली आणि त्यांच्या गॅलरीतून ओरडून विचारलं, तुमच्या घरी कोणाला ताप आलाय का?