पंप कोणाच्या पाठीवर? कपाशीच्या फवारणीआधी वाचायचा पाठ



कपाशी पात्या-फुलांवर आली आहे आणि गटावर रोज एकच प्रश्न येतोय: बोंडअळीसाठी कोणतं औषध मारू? औषधांचा संदेश वेगळा येईल. त्याआधी हा पाठ वाचा. थोडा लांब आहे, सावलीत बसून वाचा. जो गडी पंप घेणार आहे त्यालाही वाचून दाखवा.

२०१७ चा खरीप आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, वर दमट ऊन. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झालेली, म्हणून फवाऱ्यावर फवारे. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळणंही सर्रास. शासनाने नंतर काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. बंदी उठली. पंप मात्र आजही त्याच पाठींवर आहेत.

तेव्हा बहुतेक चर्चा हातमोजे आणि मास्कची झाली. किट घालायलाच हवं, त्यात वाद नाही. पण भाद्रपदातल्या उन्हात किट घालून पाच तास कपाशीत चालून बघा, मग गडी ते का काढून ठेवतो ते कळेल. आमच्या मते धोका किटच्या आधी सुरू होतो, आपण मजुरी ठरवतो तिथे.

फवारणीची मजुरी बहुतेक गावांत पंपावर असते. पूर्ण वाढलेल्या कपाशीला एकरी २०० लिटर पाणी धरलं, तर १५ लिटरचे तेरा-चौदा पंप होतात. गडी जितके पंप रिचवेल तितके पैसे. मग तो वारा बघत नाही, दुपारी थांबत नाही, झाकण गळत असलं तरी तसाच चालतो. घाई त्याची दिसते, पण ती आपल्या हिशेबातून आलेली असते. *फवारणी रोजाने द्या, पंपावर नको.* सकाळी दहा-साडेदहापर्यंत, मग थेट संध्याकाळी उन्ह उतरल्यावर, आणि तेवढ्या कामाचा पूर्ण रोज. चार पैसे जास्त जातील. पंपावर मजुरी देऊन ते वाचत असतील, तर ते कोणाच्या अंगावरून वाचतात हेही हिशेबात धरा.

विष अंगात जातं कसं, याबद्दलही गैरसमज आहे. आपण नाकातोंडाला रुमाल बांधतो आणि निर्धास्त होतो. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या अंगात बरंचसं विष कातडीतून जातं. गळत्या पंपाने पाठ भिजते, ओल्या पऱ्हाटीतून चालताना मांड्या भिजतात. आणि तो रुमालच ओला झाला की विष दिवसभर तोंडाशी धरून ठेवतो. म्हणून पाठ आणि पंप यांच्यामध्ये प्लास्टिकचा जाड कागद बांधा. फवारलेल्या ओळीत परत शिरू नका, वाऱ्याच्या विरुद्ध चालू नका. नोझल तुंबलं तर तारेने किंवा पाण्याने साफ करा, तोंडाने फुंकू नका. पेट्रोलच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणजे त्यातलं द्रावण साध्या पंपापेक्षा घट्ट असतं. तेच तुषार अंगावर आले तर विषही जास्त येतं. काम लवकर उरकतं म्हणून तो पंप सुरक्षित समजू नका.

आता सगळ्यात कामाचं: *फवारा लागतोय की नाही ते आधी बघा.* गुलाबी अळी अंड्यातून निघाली की फुलात नाहीतर कोवळ्या बोंडात शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. त्यानंतर वरून कितीही मारलं तरी अळी आत सरकी खात बसते. म्हणजे उशिरा केलेला फवारा अळीला लागत नाही, गड्याला मात्र लागतो. एकरी दोन कामगंध सापळे लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर वेळ आली समजा. दुसरी खूण: शेतातून आडवंतिडवं फिरत २० हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन बोंडांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं म्हणजे दहा टक्के झाले. याच्या खाली असाल तर थांबा. गुलाबासारखी मिटलेली डोमकळी दिसेल तिथे तोडा आणि अळीसकट नष्ट करा. सुरुवातीला मावा-तुडतुड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्काने भागत असेल तर भागवा. त्या काळात जहाल औषध मारलं की ढालकिडा आणि क्रायसोपा आधी मरतात, मग पांढरी माशी मोकाट सुटते आणि पुढचे दोन फवारे आपणच ओढवून घेतो.

फवारावंच लागलं तर डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. घरात मोनोक्रोटोफॉसचा जुना डबा पडला असेल तर तो लाल त्रिकोणाचा आहे. भाजीपाल्यावर ते २००५ पासूनच बंद आहे आणि त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला. संपवायचं म्हणून मारू नका. आणि लेबलवर शिफारस नसेल तर दोन औषधं एका पंपात मिसळायची नाहीत. कृषी केंद्रवाल्याने सांगितलं तरी नाही.

(आपण सगळे ‘औषध’ म्हणतो म्हणून इथेही तेच लिहिलं. पण लाल-पिवळ्या त्रिकोणाच्या डब्यावर छापलेला शब्द विष आहे.)

हे विष शेताच्या धुऱ्यावर थांबत नाही. कपाशीत आपल्याकडे बरबटी, भेंडी, अंबाडी असतेच, आणि निंदायला आलेल्या बाया संध्याकाळी तीच भाजी ओटीत घेऊन जातात. फवारा झाला की त्यांना तोंडी सांगा, धुऱ्यावर लाल कापड बांधा आणि लेबलवर लिहिलेले दिवस भाजी तोडू देऊ नका. सरकीचं तेल माणसाच्या पोटात जातं, ढेप जनावरांच्या. कपाशी खात नाही म्हणून काहीही मारलं तरी चालतं, हा हिशेब चुकीचा आहे. पंप नाल्यात किंवा विहिरीपाशी धुऊ नका. रिकामे डबे ठेचून, भोकं पाडून टाका, पाण्याला वापरू नका.

*लक्षणं पाठ करा:* डोकं दुखणं, मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना अंधारी, पोटात मुरडा, अंगाची कापरं, दम लागणं. यातलं एकही दिसलं तर पंप तिथेच उतरवा. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा. दूध पाजू नका, उलटी करवू नका. औषधाचा डबा सोबत न्या. काही विषांवर उतारा आहे, काहींवर नाही, आणि कोणतं विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार? ‘ऊन लागलं असेल’ म्हणून घरी झोपवू नका.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत विषबाधेने मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात, पण ते सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. तुमच्या शेतात पंप घेणाऱ्या भूमिहीन मजुराला या योजनेत जागा नाही. त्याच्या घरी काही झालं, तर त्याची बायको तुमच्याच दारात येणार.

कामगंध सापळे आणि हातमोजे कंपनीच्या केंद्रावर आहेत. सभासदांनी येताना शेअर क्रमांक सांगावा. सापळे लावलेल्यांनी सोमवारी सकाळी गटावर एवढंच लिहा: गावाचं नाव, तीन रात्रींचे पतंग, २० पैकी किती बोंडं किडकी. आकडे आले की कोणत्या शिवारात थांबायचं आणि कुठे फवारायचं, ते त्याच दिवशी संध्याकाळी कळवतो.